लसूणघासाच्या दशम्या

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथं मी वीस-बावीस वर्षं अंगणवाडी चालवते. एवढी वर्षं बायकांवर ओरडण्यात गेली. 'पालेभाजी खा गं, अंगात रक्त न्हाई तुझ्या.' 'पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा कावून दिलास, घरात शेंगदाणे न्हाईत का?' गाव मला तोंडावर मॅडम म्हणतं आणि माघारी तोफ म्हणतं. दोन्ही मला माहीत होतं आणि खरं सांगते, दोन्हीचा मला गर्वच होता. आता तो उरलेला नाही. कसा गेला तेच लिहायला बसले आहे, कारण तोंडानं सांगायची मला बंदी आहे.

घरामागं विहिरीच्या पाटाला लागून माझा पाच गुंठे लसूणघास आहे. मेथीसारखी तीन-तीन पानं, जांभळी फुलं. एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापतच राहायचं. आज विळा लावला की महिन्याच्या आत परत गुडघ्याएवढा. आमच्या वाळक्या भागात उन्हाळ्यात एवढं हिरवं दुसरं काही दिसत नाही, म्हणून रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा थांबून बघतो. मालक जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून एक म्हैस आणि तीन शेळ्या या घासावर मी एकटीनं सांभाळल्या. म्हशीला घास असला की दूध वाढतं, शेळीच्या अंगावर तकाकी येते, पिल्लं आठवड्यात उड्या मारायला लागतात. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

घासाचा दुसरा गुणही मला माहीत होता. एकदा सकाळी घाईत दवानं ओला झालेला घास मी उपाशी शेळीपुढं टाकला. दुपारपर्यंत तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि ती तडफडून गेली. पशुवैद्य आला तो माझ्यावरच खेकसला, 'चांगली चीज हाय म्हून कितीबी घालायची का?' तेव्हापासून मी आधी कडबा टाकते, मग घास, तोही सुकवून, मापानं. शेळीला किती घालायचा ते मला पक्कं ठाऊक होतं.

तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. त्यात एक सर आले होते, शेतीकडचे. ते म्हणाले, 'बायांनो, जनावराला आपण जे सगळ्यात चांगलं घालतो, ते आपण स्वतः कधी खाऊन बघितलंय का?' आणि त्यांनी लसूणघासाचं सगळं सांगितलं. प्रथिनं किती, लोह, चुना, अमुक जीवनसत्त्व, तमुक जीवनसत्त्व. बाळंतिणीला दूध येण्यासाठी, अशक्तपणाला, सांधेदुखीला लोक कुठं-कुठं वापरतात. कोवळे शेंडे कसे खुडायचे, सावलीत वाळवून पीठ कसं करायचं. माझा तर जीव हरखून गेला. माझ्या परसातली वस्तू! मी सगळं वहीत उतरून घेतलं, माझ्या वळणदार अक्षरात, एकही शब्द न गाळता. शेवटी सरांनी आणखी काहीतरी सांगितलं, कुणी खावं, कुणी विचारून खावं असं. पण तोवर चहा आला होता आणि आम्ही सगळ्या उठलो होतो.

आता लेकीचं सांगते. मला एकच लेक, दिंद्रुडला दिलेली. जावई मोटारसायकलींचं गॅरेज चालवतात, माणूस बरा आहे. लेकीला लहानपणी सांधे धरून ताप यायचा. मी त्याला थंडीताप समजून काढे पाजले. त्या तापानं काळजाची झडप खाल्ली होती, हे कळलं ते ती बाळंत झाल्यावर, जिना चढताना धापा टाकायला लागली तेव्हा. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, जुनी झडप काढून धातूची बसवली. त्या झडपेचा आवाज येतो. ती शेजारी बसली आणि भोवती गलका नसला की टिक, टिक, टिक, मनगटी घड्याळासारखा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रडू कोसळलं. मग त्याची अशी सवय झाली, की ती माहेरी आली की कामात असतानाही माझा एक कान तिकडंच असायचा.

धातूच्या झडपेवर रक्त साकळू नये म्हणून तिला रोज संध्याकाळी सहाला रक्त पातळ ठेवायची गोळी असते. जन्मभर. दर महिन्याला रक्त तपासून गोळीचं माप ठरतं. आणि दवाखान्यातून एक कागद मिळाला होता, त्यात खाण्याचं लिहिलं होतं: पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर, कोबी, करडई, चुका, असल्या हिरव्या भाज्या टाळा. मी कागदावर चालणारी बाई. तो कागद मी रजिस्टरला चिकटवला आणि लेकीच्या सासूला फोनवरून दोनदा वाचून दाखवला. लेक माझ्याकडं आली की तिच्या ताटात कोथिंबिरीचं पानसुद्धा पडू द्यायची नाही. शेजारणीनं मेथीची भाजी पाठवली तर मी वाटी तशीच परत केली. तिला राग आला तर येऊ दे म्हटलं.

गेल्या वर्षी लेक महिनाभर विसाव्याला आली, नातीला घेऊन. तोंड पार पांढरंफटक. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत लाली म्हणून नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी बोटातून रक्त काढून बघितलं आणि म्हणाल्या, 'मॅडम, लई कमी हाय हो.' लोहाच्या गोळ्या दिल्या. मला काय वाटलं सांगू? मला डॉक्टरांचाच राग आला. हिरवं सगळं बंद केलं तर रक्त येणार कुठून? साऱ्या गावाच्या पोरीबाळींना मी पालेभाजी खायला लावते आणि माझीच लेक अशी वाळकी! मग माझ्या डोक्यात घास आला. मी कागद काढून वरपासून खालपर्यंत बघितला. यादीत घास नव्हता. कुठून असणार? तो काय माणसाची भाजी आहे? तो चारा. डॉक्टरांनी भाजी बंद केली होती, चारा नाही. एवढा सरळ हिशेब मी डोक्यात केला आणि मला वाटलं, देवानंच वाट दाखवली.

रोज सकाळी मी ओंजळभर कोवळे शेंडे खुडायचे, तीन पाण्यांनी धुवायचे, मिक्सरमधून काढायचे, फडक्यानं गाळायचे, त्यात लिंबू आणि गुळाचा खडा. पेलाभर रस. लेक नाक दाबून प्यायची आणि म्हणायची, 'आई, आता मला दावणीलाच बांध.' आम्ही दोघी हसायचो. दुपारी सावलीत वाळवलेल्या पाल्याचं पीठ ज्वारीच्या पिठात मिसळून दशम्या. तीळ लावून, दुधात मळून. त्या मात्र तिला आवडायच्या. पंधरा दिवसांत तिच्या ओठांवर रंग आला. लोहाच्या गोळ्यांनी आला की घासानं, कोण सांगणार? मी मात्र घासानंच म्हणून गावभर सांगत सुटले. अंगणवाडीत गरोदर बायकांना म्हणाले, 'बघा माझ्या लेकीकडं! दोन महिन्यांत तुमालाबी असंच करते.'

महिन्याची तपासणी आली तेव्हा अंगणवाडीत वजनं घ्यायची होती. म्हटलं, पोरगी टवटवीत आहे, आठ दिवसांनी बीडला जाऊ. हे मीच म्हटलं. लेक म्हणाली होती, 'मी एकटी जाऊन येते एसटीनं.' मी तिच्यावर ओरडले, 'एकटी कुठं निघालीस, भोवळ येऊन पडलीस म्हंजी?'

त्या आठवड्यात ती जिना नसलेल्या घरात धापा टाकायला लागली. मी म्हटलं, ऊन आहे. पायावर थोडी सूज आली. म्हटलं, बसून-बसून आली. मग एका दुपारी तिच्या डोक्याला तेल लावत होते. नात शेजारच्या घरी खेळायला गेलेली, लाइट गेलेली, पंखा बंद, कसला म्हणून आवाज नाही. लेकीचं डोकं माझ्या मांडीवर. आणि माझ्या लक्षात आलं, की काहीतरी कमी आहे. काय ते कळेना. तेलाचे हात तसेच ठेवून मी थांबले. टिकटिक नव्हती. मी वाकून तिच्या छातीला कान लावला. आत काहीतरी होतं, पण दबलेलं, चिखलात पाय पडल्यासारखं. 'काय गं आई?' ती म्हणाली. मी चप्पल शोधत जीप बघायला पळाले.

अंगणवाडीची पिशवी, रजिस्टर-वह्यांसकट, उचलली, त्यातच सकाळच्या दशम्या कोंबल्या आणि जीपनं बीड. बीडच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि लगेच संभाजीनगरला पाठवलं, ॲम्ब्युलन्समधून. नातीला शेजारणीकडं ठेवलं होतं. गेवराईपर्यंत लेक बोलत होती. पुढं तिनं फक्त माझी दोन बोटं धरून ठेवली. मी सगळ्या देवांना हाका मारत होते आणि मधेच ड्रायव्हरवर ओरडत होते.

मोठ्या दवाखान्यात मशीननं बघून डॉक्टर म्हणाले, 'झडपेवर गुठळी झालीय. झडप नीट उघडत नाही.' वयानं माझ्या लेकीएवढेच असतील, पण बोलणं शांत. त्यांनी सांगितलं, की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन थेंब-थेंब लावायचं. विरघळली तर ठीक. तुकडा सुटून डोक्यात गेला तर अर्धं अंग जाऊ शकतं. रक्तस्राव होऊ शकतो. आणि इंजेक्शन लागू पडलं नाही, तर छाती पुन्हा उघडावी लागेल आणि या तब्येतीत ती टेबलावरून उठेल याची खात्री नाही. मग त्यांनी विचारलं, 'रक्त एकदम घट्ट आहे. गोळ्या चुकल्यात का?'

'न्हाई,' लेक म्हणाली.

'हिरव्या पालेभाज्या खाल्ल्या?'

इथं मी पुढं झाले. पिशवीतून रजिस्टर काढलं, चिकटवलेला कागद दाखवला. 'डॉक्टरसाहेब, मी अंगणवाडीची बाई आहे. या यादीतलं एक पान तिच्या पोटात गेलेलं नाही. माझी शपथ.' एवढ्या ठासून मी आयुष्यात दुसरं काही बोलले नसेन. डॉक्टरांनी कागद बघितला, मान हलवली. 'मग गोळ्याच चुकल्या असणार,' ते म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर मी लेकीला जे बोलले ते आठवलं की आजही वाटतं, जीभ हासडून टाकावी. तोंडावर ऑक्सिजन लावलेली पोर. तिच्या कानाशी वाकून मी म्हणाले, 'खरं बोल. चुकवल्यास ना? फेकल्यास ना गोळ्या?' तिनं मान हलवली. 'तुझी शप्पथ आई, एकबी न्हाई.' मी म्हटलं, 'शपथा कावून घेतीस खोट्या? मशीन खोटं बोलतं का?' तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं. सिस्टरनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही नातेवाईक सतरंज्या टाकून बसायचो. जेवणाच्या वेळी दहा मिनिटं आत सोडायचे. जावई दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांचं तोंड उतरलेलं. 'आत्या, असं कसं झालं?' त्यांनी विचारलं. मी म्हणाले, 'गोळ्या चुकवल्या तुमच्या बायकोनं.' वाचताय ना? मी म्हणाले. स्वतःच्या लेकीवर, स्वतःच्या तोंडानं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, 'घरी तर कधी चुकवत न्हवती.'

इंजेक्शन लागून रात्र गेली, सकाळी पुन्हा मशीननं बघितलं, फरक थोडाच होता. डॉक्टर म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत वाट बघू. मी कान लावू का म्हणून विचारलं तर हसले नाहीत, लावू दिला. तसाच दबलेला आवाज. तिला थोडं खायला द्या म्हणाले, तेव्हा मी निघताना पिशवीत भरलेल्या दशम्यांतली एक तिला दिली. आणि उरलेल्यांतली एक, व्हरांड्यात माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईपुढं केली.

ती बीडचीच. तिच्या मालकाचा फळांचा गाडा, तो आत झोपलेला. दोन दिवस आम्ही एकमेकींचं सामान राखत होतो. तिनं दशमी मोडली, उजेडाकडं धरली.

'हिरवी कावून? मेथी हाय का बाई?'

'न्हाई,' मी म्हणाले. 'मेथी बंद हाय तिला. लसूणघासाचं पीठ हाय.'

'हां, घास!' ती म्हणाली आणि खाऊ लागली. 'लई दिसांनी खाल्ला. दुष्काळात आमच्या अम्मीनं हीच भाजी करून खिलवली आमाला. लसूण-मिरची टाकून. मेथी संपली की घास. भाजी ती भाजीच की.'

भाजी ती भाजीच. तिचे दात नव्हते, ती हिरडीनं चावत होती, आणि माझ्या कानात काही शिरेना. हात आपोआप पिशवीत गेला. रजिस्टर काढलं. चिकटवलेल्या कागदाच्या तळाला बारीक अक्षरात होतं, 'के जीवनसत्त्व जास्त असलेल्या भाज्या टाळा.' तळाची ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती, मी फक्त यादी वाचली होती. मग प्रशिक्षणाची वही काढली. लसूणघास, त्याच्या खाली माझ्या अक्षरात: प्रथिने, लोह, चुना, जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व के. के च्या खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या, महत्त्वाचं म्हणून. दोन्ही कागद एकाच पिशवीत एकमेकांना चिकटून संभाजीनगरपर्यंत आले होते.

'बाई, काय झालं? पाणी देऊ?' ती म्हणाली.

मी उठले आणि पळत आत गेले. दारावरचा माणूस 'ओ मावशी, ओ मावशी' करत मागं आला. लेक उशीला टेकून बसली होती. अर्धी दशमी खाऊन झालेली, अर्धी हातात. मी ती हातातून ओढून घेतली. तिच्या ओठाला लागलेला तुकडासुद्धा बोटानं काढला.

'कावून गं?' ती म्हणाली.

'खाऊ नको. खाऊ नको म्हणते ना!'

ती माझ्याकडं बघत राहिली, मग माझ्या मुठीतल्या चुरलेल्या हिरव्या दशमीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. लेक माझी हुशार आहे. शाळेत गणितात पहिली यायची. तिला सांगावं लागलं नाही. तिनं डोळे मिटले आणि मला वाटलं, आता ही मला कधीच क्षमा करणार नाही.

तेवढ्यात डॉक्टर आले, मागून जावई. डॉक्टर कागद बघत म्हणाले, 'पुन्हा एकदा विचारतो. गोळीचं पुढचं माप मला यावरच ठरवायचंय. नेमकं काय झालं ते कळायला पाहिजे.' मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. मूठ पुढं केली होती. पण माझ्या आधी लेक बोलली.

'चुकल्या, डॉक्टर. सात-आठ दिवस चुकल्या. मीच इसरले.'

दोन दिवस माझ्या शपथा घेणारी पोर, ती हे म्हणाली. जावयांनी कपाळावर हात मारून घेतला. 'अगं, अलारम लावून दिलता ना तुला!' ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले. मी मूठ पदराखाली घेतली. एवढी तोंडाळ बाई, त्या वेळी माझ्या तोंडातून ब्र निघाला नाही.

पण ते डॉक्टर पुढं गोळीचं माप ठरवणार होते. लेकीच्या खोट्यावर गोळी ठरली तर? मी त्यांच्या मागं पळाले, जिन्यापाशी गाठलं, मूठ उघडली. सगळं सांगितलं. रस, पीठ, यादी, चारा, सगळं. वाटलं, आता हे पोलिसात देतील. द्यावंच असंही वाटलं. त्यांनी बोटानं तो चुरा सारून बघितला.

'मावशी, यादीत जगातली सगळी पानं कशी लिहिणार?' ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, 'वस्तू वाईट नाही ही. तुम्ही आधी विचारलं असतं तर रोज थोडा, सारखा खा म्हटलं असतं आणि गोळी त्या मापानं बसवली असती. न सांगता एकदम एवढा दिलात, तिथं घात झाला.'

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी जिन्यावर बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. शेळीसाठी मी पशुवैद्याची बोलणी खाऊन माप शिकले होते. लेकीसाठी कुणाला साधं विचारलं नाही.

दुपारच्या दहा मिनिटांत लेकीनं मला जवळ ओढलं. श्वास पुरत नव्हता, तुटक-तुटक बोलली. 'यांना सांगू नको. घरी कुणालाच न्हाई. माझी आण हाय तुला.'

'अगं, पण तुझ्यावर आळ...'

'मी इसराळी म्हणतील. म्हणू दे. तुझ्या हातचं खाऊन झालं म्हणलं, तर परत माहेरी पाठवतील का मला? तुझ्याकडं यायला मिळंल का?' ती थांबली, दम घेतला. 'तू एकटी हायेस तिथं.'

मला धड रडूही येईना. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. अजून माझ्याच हातचं तेल होतं त्यात.

संध्याकाळी मशीननं बघितलं तेव्हा गुठळी निम्मी झाली होती. इंजेक्शन पुढं चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेले, तर ती डोळे मिटून पडलेली. मग मला ऐकू आलं. कान लावायची गरज नव्हती. टिक, टिक, टिक. मी खाटेच्या लोखंडाला धरून तिथंच खाली बसले. सिस्टर म्हणाली, 'मावशी, उठा, फरशी पुसलीय.'

लेक वाचली. हात-पाय, बोलणं, सगळं शाबूत. रस, पीठ मी बंद केलं. घास मोडून टाकावा म्हणून नांगरवाला बोलावला होता, पण म्हैस बघून परत पाठवला. अंगणवाडीत बायका विचारतात, 'मॅडम, घासाच्या वड्या शिकवणार होता ना?' मी सांगते, आधी डॉक्टरला विचारा, कुणाला कसली गोळी चालू आहे ते मला सांगा. पूर्वी मी सुनवायचे, आता विचारत बसते. त्या म्हणतात, मॅडम मऊ झाल्या.

मागच्या महिन्यात दिंद्रुडला गेले होते. विहीणबाईंनी चांगला पाहुणचार केला. पोहे, चहा. अंगणात त्यांच्या दोन शेजारणी गप्पा मारत बसल्या होत्या. सहा वाजले, मोबाइल वाजला. विहीणबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. गोळ्या आता त्यांच्या ताब्यात असतात. एक गोळी काढून त्यांनी माझ्या नातीच्या हातावर ठेवली. चार वर्षांची ती, आजीनं नेमून दिलेलं काम म्हणून ताठ चालत आईपुढं गेली.

'मम्मी, आ कर.'

लेकीनं गोळी घेतली, पाणी प्यायली आणि सगळ्यांसमोर तोंड उघडलं.

'जीभ वर कर. आता हिकडं. आता तिकडं.' नातीनं टाचा उंचावून आत बघितलं आणि ओरडली, 'गेली!'

शेजारणी हसल्या. विहीणबाईही हसत मला म्हणाल्या, 'काय करावं ओ विहीणबाई, तुमच्या लेकीला ध्यानातच राहत न्हाई. जीव जाताजाता राहिला, तवापासून असंच करतो आमी. तुमाला राग तर न्हाई ना आला?'

लेक उघड्या तोंडानं माझ्याकडंच बघत होती. तिनं किंचित मान हलवली, नको म्हणून. पुढच्या आठवड्यात ती चार दिवस माझ्याकडं येणार होती, तिची पिशवीही भरून ठेवलेली मी बघितली होती.

'राग कसला?' मी म्हणाले. 'बरोबर करताय तुमी.' नात पळत माझ्याकडं आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'शाबास गं माझे बाई. रोज बघत जा.'